टेक्सासबाहेर राहणाऱ्याला तिथे शिकारीचं लायसन्स केवढ्याला पडतं, किती हरणं मारता येतात?

हरणासाठी यायचं असेल तर जनरल नॉन-रेसिडेंट लायसन्स, ३१५ डॉलर. तिथल्या माणसाला तेच २५ ला मिळतं, म्हणजे बाहेरच्याचा खिसा कापलाच म्हणायचा 😅 त्यात व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीची, तिथलीच) हरणं वर्षाला जास्तीत जास्त ५, त्यातले नर ३ च, पण ही झाली राज्याची लिमिट, प्रत्येक काउंटीची (म्हणजे तिथल्या जिल्ह्याची) आपली वेगळी असते आणि बऱ्याच ठिकाणी खूपच कमी, म्हणून जिथे जाणार ती काउंटी आधी बघून घ्या. लायसन्सला टॅग (मारलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठ्या) जोडलेले असतात, हरीण पडलं की तिथल्या तिथे टॅग लावायचा, गाडीत टाकल्यावर नाही.

नुसती चितळ, काळवीट, नीलगाय हवी असेल तर ५ दिवसांचं ४८ डॉलरवालं पुरतं. हो, आपलीच जनावरं, पण तिकडे ती बाहेरून आणलेली, म्हणून सीझन नाही की लिमिट नाही, आणि इथे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हात लावायची सोय नाही! खरा खर्च मात्र रँचवाल्याला, म्हणजे जमीनमालकाला, द्यायच्या पैशांचा, कारण बहुतेक जमीन खाजगी आहे. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सपण लागतो.