तुम्ही विचारलंत : फर्ग्युसनमधली परिषद आणि आयरिश बाई

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं आणि त्यामागे एका आयरिश शिक्षिकेची पत्रं होती. त्यावर इतके मेल आले की या वेळी दुसरा विषयच नको असं ठरवलं. तीन प्रश्न घेतेय, तिसऱ्याला जरा जास्त जागा दिलीय, का ते वाचल्यावर कळेल.

प्रश्न : ताई, माझं कॉलेज फर्ग्युसनच, पाच वर्षं तिथे काढली पण हे कधी कुणी सांगितलं नाही. कोण या बाई? आणि आयर्लंडहून थेट पुण्यात कशा? मिशनरी होत्या का? – एक वाचक, कोथरूड

मिशनरी नव्हत्या, थिऑसॉफिस्ट होत्या, म्हणजे सगळ्या धर्मांचं मूळ एकच मानणाऱ्या पंथातल्या. नाव मार्गारेट कझिन्स. जन्म १८७८ चा, आयर्लंडमधलं बॉयल नावाचं गाव, शिक्षण संगीताचं, १९०२ मध्ये डिग्री. १९०८ मध्ये हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी बायकांच्या मतदानासाठी आयरिश विमेन्स फ्रँचाइझ लीग काढली आणि त्यापायी दोनदा जेलमध्ये गेल्या, १९१० ला लंडनच्या होलोवेत आणि १९१३ ला आयर्लंडमधल्या टुलामोरला, तिथे उपोषणही केलं. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण गोरी बाई म्हटलं की आपल्याला वाटतं ‘आली असेल आपल्याला सुधारायला’, पण या बाई इथे यायच्या आधीच ब्रिटिशांच्या तुरुंगातलं अन्न नाकारून आलेल्या होत्या.

१९१५ मध्ये नवरा जेम्स याला अ‍ॅनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’ पेपरात काम मिळालं म्हणून दोघं मद्रासला आली, मग मदनपल्लेच्या थिऑसॉफिकल कॉलेजात शिकवायला गेली. १९१७ च्या मे महिन्यात मद्रासजवळच्या अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन ही बायकांची संस्था सुरू झाली, अध्यक्ष बेझंटबाई, आणि सेक्रेटरीचं काम मार्गारेटबाई आणि डोरोथी जिनराजदास यांच्याकडे.

आता पुणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, त्याच्या सिनेटवर मार्गारेटबाई होत्या, म्हणजे पुण्याशी नातं परिषदेच्या दहा वर्षं आधीचं! १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू साहेब भारतात आले तेव्हा मूळ विचार मुलींच्या शिक्षणाची मागणी घेऊन भेटायचा होता, पण शिष्टमंडळ फक्त राजकीय विषयावरच भेटू शकतं असं कळल्यावर बाईंनी मताधिकाराची मागणी त्यात घातली. १८ डिसेंबर १९१७ ला मद्रासला सरोजिनी नायडूंच्या पुढारपणाखाली बायका भेटल्या आणि म्हणाल्या की ‘जनता’ म्हणताना त्यात आम्हालाही धरा. लंडनहून लगेच हो आलं नाही, १९१९ च्या कायद्याने तो निर्णय प्रांतांवर सोडला, मग १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांनी बायकांना मत दिलं, अर्थात मालमत्तेची अट होतीच त्यामुळे फार थोड्या बायकांना मिळालं.

१९२६ मध्ये बंगालचे शिक्षण संचालक ओटन कलकत्त्याला बेथ्यून कॉलेजात म्हणाले की मुलींना कसलं शिक्षण हवं ते बायकांनीच एकदा ठरवून सांगावं. त्याच कॉलेजात आधी शिकवलेल्या ह्यूडेकोपर नावाच्या बाईंनी हे ‘स्त्री धर्म’ या असोसिएशनच्या मासिकात लिहिलं आणि मार्गारेटबाईंनी देशभर पत्रं पाठवायला सुरुवात केली, तुमच्या भागात बैठका घ्या, काय हवं ते लिहा, मग सगळ्या पुण्यात भेटू. जानेवारी १९२७, फर्ग्युसन कॉलेज, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय फक्त शिक्षण. पण ज्याने शाळेत शिकवलंय त्याला माहीत असतं की पोरगी बाराव्या वर्षी लग्न होऊन गेली की फळ्यावर काय लिहिता त्याला काही अर्थ उरत नाही, त्यामुळे शिक्षणाची परिषद पहिल्यापासूनच बालविवाहाच्या विरोधात उभी राहिली, आणि बालविवाह रोखणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्यासाठी याच बायका झटल्या. मी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत काढलीत, नववीच्या वर्गातून दिवाळीनंतर न परतलेल्या मुलींची नावं मला अजून पाठ आहेत, त्यामुळे हा भाग वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

प्रश्न : राष्ट्रगीताला चाल त्यांनीच लावली असं फॉरवर्ड आलं होतं. खरं का? – एक वाचक, नांदेड

चाल रवींद्रनाथांचीच, गाणं १९११ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये आधीच गायलं गेलं होतं. फेब्रुवारी १९१९ मध्ये रवींद्रनाथ मदनपल्लेला राहिले, तिथे त्यांनी ते म्हटलं, आणि मार्गारेटबाईंनी त्याची सुरावट पाश्चात्त्य पद्धतीच्या नोटेशनमध्ये उतरवली. इंग्रजी भाषांतरही रवींद्रनाथांनी तिथेच केलं. नोटेशन उतरवणं हे काही लहान काम नाही, पण चाल लावणं वेगळं, तेव्हा तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका.

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, सात वर्षं डब्लिनमध्ये सेकंडरी शाळेत मॅथ्स शिकवते. शनिवारी आमचा बायकांचा एक ग्रुप चालतो, बाहेरून आलेल्या बायकांना इंग्रजी, फॉर्म भरणं, डॉक्टरकडे सोबत जाणं असं सगळं. आता मला चेअरपर्सन हो म्हणतायत, पण एक जुनी मेंबर तिथलीच आहे ती सरळ म्हणाली की आमच्या देशातलं आम्ही बघू. रात्रभर झोप नाही लागली. सोडून द्यावं का? – एक शिक्षिका

अगं सोडू नकोस. तू जिथे आहेस तिथल्याच मार्गारेटबाई इकडे आल्या आणि हाच प्रश्न त्यांच्यापुढे चाळीस वर्षं होता, म्हणून तर तुझं पत्र शेवटी ठेवलं.

त्यांनी काय केलं बघ. माँटेग्यूकडे जायचं सगळं जुळवून आणलं त्यांनी, पण बोलायला सरोजिनीबाई. परिषदेची पत्रं त्यांनी लिहिली, खुर्चीवर चिमणाबाई. १९२६ मध्ये मद्रास कायदेमंडळासाठी बाई उमेदवार हवी म्हणून कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या मागे लागल्या, कमलादेवी थोडक्या मतांनी पडल्या पण बाई निवडणुकीला उभी राहू शकते हे लोकांनी पाहिलं. स्वतः परिषदेच्या अध्यक्ष झाल्या त्या १९३६ मध्ये, पुण्यानंतर नऊ वर्षांनी. आणि मागे राहायचं म्हणजे जिथे धोका आहे तिथूनही मागे असं नाही हं, १९३२ मध्ये सरकारच्या वटहुकमांविरुद्ध मद्रासला जाहीर बोलल्या म्हणून एक वर्षाची शिक्षा झाली आणि वेल्लोरच्या जेलमध्ये गेल्या, तेव्हा वय चोपन्न.

आणि जे वाक्य तुला लागलं ना, ते त्यांनाही जाणवलं होतं. आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की लढ्यात उतरायची तळमळ होती, पण आता पुढे येणाऱ्या भारतीय नेत्या बायकांना आपण थेट भाग घेण्याची गरज राहिलेली नाही, कदाचित ते नकोही आहे असं त्यांना वाटायला लागलं. ज्या बाईने तीन देशांत जेल सोसली तिला हे लिहिताना किती जड गेलं असेल. पण त्या इथेच राहिल्या. १९४३ मध्ये पक्षाघात झाला, तरी परत गेल्या नाहीत, ११ मार्च १९५४ ला इथेच गेल्या.

तुझ्या बाबतीत माझं मत असं. चेअरपर्सनला आत्ता नाही म्हण आणि सेक्रेटरीचं काम माग, कारण पत्रं, यादी, कोणाला फोन करायचा हे ज्याच्या हातात असतं त्याच्यामुळेच ग्रुप चालतो, आणि मॅथ्सच्या बाईला हिशेब ठेवायला कुणी नाही म्हणणार नाही. खुर्चीवर दोघी बसवा, एक तिथली आणि एक बाहेरून आलेली, ज्या आज इंग्रजीच्या वर्गात मागे बसतात त्यांच्यापैकी कुणी असली तर फारच छान. त्या जुन्या मेंबरशी मीटिंगमध्ये वाद घालू नकोस, एकटीला चहाला बोलव आणि विचार की तिने हा ग्रुप सुरू केला तेव्हा तिला काय हवं होतं. ती काय म्हणाली ते मला जरूर कळव, आणि त्या चहाआधी रात्री नीट झोप.