‘आजची भाकर’: बायबलातल्या वचनाला भाकर का म्हणतात?

एका ताईंनी विचारले आहे. पुण्यात त्यांच्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या आईचे निधन झाले. घरी प्रार्थनासभा होती, तिथे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, ‘आजची आध्यात्मिक भाकर आपण एलीयाच्या गोष्टीतून घेऊ.’ ताईंना प्रश्न पडला की दुःखाच्या घरी ही खाण्याची भाषा कशासाठी? आणि म्हणायचेच होते तर ‘अन्न’ का नाही? शिवाय, भाकर की भाकरी?

शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. दोन्ही रूपे मराठीच आहेत. पुणे शहरात ‘भाकरी’ अधिक कानावर पडते, मराठवाड्यात, विदर्भात ‘भाकर’. फरक अनेकवचनात कळतो. भाकरीच्या भाकऱ्या होतात, भाकरच्या भाकरी. म्हणून मराठी बायबलात ‘जवाच्या पाच भाकरी’ वाचताना काही चुकले आहे असे समजू नये; ते ‘भाकर’चे शुद्ध अनेकवचन आहे.

आता ‘अन्न’ का नाही ते पाहू. जुन्या करारात, म्हणजे बायबलाच्या पहिल्या भागात, हिब्रू शब्द आहे ‘लेहेम’. त्याचा अर्थ भाकरही होतो आणि एकूण अन्नही. येशूचा जन्म झाला ते बेथलेहेम याच शब्दापासून, म्हणजे भाकरीचे घर. तेव्हा ‘अन्न’ लिहिले असते तरी काही ठिकाणी ते बरोबर ठरले असते. पण माझे मत स्पष्ट आहे: ‘भाकर’ हाच योग्य शब्द. अन्नात पक्वान्नही येते. भाकर म्हणताच कष्टाचे घर डोळ्यांपुढे उभे राहते. ‘पोटाची भाकर’, ‘अर्धी भाकर’, ‘मीठभाकर’ हे शब्दप्रयोग पाहा, सगळ्यांत गरज आणि कमतरता आहे. येशूने पाच भाकरींत मोठ्या जमावाला जेवू घातले, त्या गोष्टीतल्या गालीलातल्या मुलाजवळच्या भाकरी जवाच्या होत्या, आणि जव हे तिकडे गरिबाचे धान्य. आपल्याकडच्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीशी तिचे नाते आपोआप जुळते.

आणि इथेच ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. बायबलात भाकरीची मोठी वचने भरल्या घरातली नाहीतच, ती उपासमारीतली आहेत. ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे तर परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगेल’ हे येशू बोलला तेव्हा तो अरण्यात चाळीस दिवसांचा उपाशी होता. ते वाक्यही त्याने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून घेतले, जिथे मोशे इस्राएली लोकांना रानातल्या भुकेची आणि देवाने तिथे रोज दिलेल्या मान्ना या अन्नाची आठवण करून देतो. स्तोत्र ८० मध्ये तर ‘अश्रूंची भाकर’ असा शब्दप्रयोग आहे. ज्या ग्रंथात रडणेसुद्धा भाकर होऊन ताटात येते, त्याच्या वाचकाला शोकाच्या घरी भाकरीचा उल्लेख परका वाटत नाही. मला तो फार मायेचा वाटतो. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही आणि शेजारचे लोक डबा आणून देतात. वचन वाचून दाखवणे हे त्याच जातीचे काम आहे.

पाळकसाहेबांनी एलीया निवडला हेही विनाकारण नाही. एलीया हा संदेष्टा राणी ईजबेलीच्या भीतीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला उपदेश करत नाही, की तुझा विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. एलीया झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून देवदूत सांगतो, खा, कारण वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. त्या खाण्याच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरापर्यंत जातो. खचलेल्या माणसासाठी यापेक्षा जवळचा उतारा मला माहीत नाही.

कुणी म्हणेल, वाटेसाठी मराठीत ‘शिदोरी’ हा गोड शब्द आहे, तोच का नको? लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेल्या वचनांना शिदोरी म्हणायला माझी हरकत नाही. ती कधीतरी अंधारात उपयोगी पडतातच. पण शिदोरी आधी बांधून ठेवतात. मान्ना तसा ठेवता येत नसे. उद्यासाठी म्हणून ठेवला की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढेच मागणे आहे. यातल्या ‘रोजची’मागचा ग्रीक शब्द या प्रार्थनेबाहेर जवळजवळ सापडत नाही, त्यामुळे तो ‘आजच्यापुरती’, ‘उद्याची’ की ‘जगण्यापुरती’ यावर अभ्यासकांचा वाद आहे. कोणताही अर्थ घ्या, वर्षाचे कोठार त्यात नाही. आजारपणात, शोकात, कर्जात माणसाला वर्षाचा विचार झेपतही नाही. एक स्तोत्र, कधी एकच ओळ, एवढेच त्या दिवशी गिळता येते. पाळकसाहेबांच्या वाक्यातला ‘आजची’ हा शब्द म्हणून मला ‘भाकर’इतकाच मोलाचा वाटतो. ‘आध्यात्मिक’ मात्र गाळले असते तरी चालले असते.

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना केडगाव आठवेलच. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणि विधवा सोडवून आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल सोप्या मराठीत आणले, थोडे शिकलेल्या बाईलाही कळावे म्हणून. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. भूक म्हणजे काय हे अंगावर सोसलेल्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे या कामाला दिली, याचा मला फार आदर वाटतो.

जाता जाता आणखी एक प्रयोग सांगतो, कारण ताईंच्या कानावर तो येईल. ‘भाकर मोडणे’ म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी. पुण्यातल्या चर्चमध्ये प्रत्यक्षात पातळ चकती किंवा पावाचा तुकडा मिळतो, तरी शब्द भाकरच. आणि क्रियापद मोडणे, कापणे नव्हे. हाताने मोडायची, सगळ्यांत वाटायची.

मैत्रिणीला भेटायला जाणार असाल तर एलीयाचा उतारा राजांच्या पहिल्या पुस्तकात, अध्याय १९ मध्ये आहे. तिच्याजवळ बसून पहिली आठ वचने वाचा. तेवढी पुरतील.