‘मतदार’मधला ‘दार’

एका वाचकाने विचारलं आहे: नगरपरिषदेच्या निवडणुकीआधी त्यांच्या गावात ‘मतदाता नोंदणी अभियान’ असा फलक लागला होता, पण हातात पडलेल्या अर्जावर मात्र ‘मतदार’ असं छापलेलं होतं. यातलं शुद्ध काय? ‘मतदार’ हे ‘मतदाता’चंच झिजलेलं रूप आहे, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, ते खरं का? आणि निवडणूक जर स्थानिक आहे, तर ती ‘सार्वत्रिक’ कशी?

मराठीत ‘मतदार’. फलक चुकलेला आहे, अर्ज बरोबर आहे. ‘मतदाता’ हा हिंदीतला चांगला शब्द आहे आणि त्याने हिंदीतच सुखाने नांदावं. गेली काही वर्षं फलकांवर, जाहिरातींत, बातमीदारांच्या तोंडी ‘मतदाता’, ‘मतदाते’, ‘मतदात्यांनो’ असं सर्रास ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी मला त्रास होतो. कारण हा निव्वळ पर्यायी शब्द नाही. त्याने अर्थच उलटा होतो.

तुम्ही वाचलेल्या उपपत्तीपासून सुरुवात करतो, कारण ती बऱ्याच जाणत्या माणसांनी उचलून धरली आहे आणि ती दिसायला मोठी साजरी आहे. ती अशी: संस्कृत ‘दातृ’, त्यापासून ‘दातार’, प्राकृतात दोन स्वरांमधला ‘त’ गळतो, म्हणून ‘दाआर’, पुढे ‘दार’. म्हणजे मत + दातार = मतदार. प्राकृतातला हा नियम खराच आहे. पण तो नियम ज्या काळात भाषेवर चालत होता, त्याला हजाराहून अधिक वर्षं लोटली. मतपेटी आणि मतदारयादी या इंग्रजी अमदानीत आलेल्या गोष्टी. कालपरवा घडलेल्या शब्दावर हजार वर्षांपूर्वीची झीज कशी होईल? शिवाय ‘दातार’ हा शब्द मराठीत आजही धडधाकट आहे, आडनाव म्हणूनही आहे. तो कुठे झिजला नाही आणि एकट्या ‘मतदारा’त येऊन झिजला, असं मानायला मी तयार नाही. ध्वनिनियम पाठ आहेत म्हणून ते दिसेल त्या शब्दाला लावायचे, ही व्युत्पत्ती नव्हे.

‘मतदार’मधला ‘दार’ फारसी आहे. (दरवाजा या अर्थाचं ‘दार’ संस्कृत ‘द्वारा’वरून आलं, त्याचा इथे संबंध नाही.) फारसीत ‘दाश्तन’ म्हणजे धरणे, बाळगणे, जवळ असणे, त्याचं समासात येणारं रूप ‘दार’. देणे या अर्थाचा फारसी धातू वेगळाच आहे, ‘दादन’. तेव्हा ‘दार’ म्हणजे देणारा कधीच नव्हे. बाळगणारा, धारण करणारा. खात्री करून घ्यायची असेल तर ‘कर्जदार’ घ्या. कर्जदार कर्ज देतो का? देतो तो सावकार. कर्ज ज्याच्या अंगावर आहे तो कर्जदार. किल्लेदार किल्ला वाटत फिरत नाही, वतनदाराने वतन देऊन टाकलेलं नसतं, ठेवीदाराची ठेव त्याचीच असते. त्याच रांगेत मतदार उभा आहे: ज्याच्यापाशी मत आहे तो.

कोणी म्हणेल, ‘अर्जदार’ अर्ज देतो आणि ‘तक्रारदार’ तक्रार करतो, त्यांचं काय? अर्ज देऊन झाल्यावरही तो अर्ज त्याच्याच नावावर असतो, तक्रार निकालात निघेपर्यंत त्याचीच म्हणून ओळखली जाते. कारकुनाच्या दृष्टीने तोही धारकच. ‘दार’ने व्यक्तीची कृती सांगितली जात नाही, तिच्या नावावर काय आहे ते सांगितलं जातं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं, ती सांगतो. हा ‘दार’ परका नाहीच. संस्कृत ‘धृ’ आणि फारसी ‘दाश्तन’ ही एकाच जुन्या धातूची दोन लेकरं. इराणी भाषांनी आपला महाप्राण (‘भ’, ‘ध’ यांतला ‘ह’) सोडला, म्हणून आपला ‘भ्राता’ तिथे ‘बिरादर’ झाला, आपला ‘बंध’ तिथे ‘बंद’ आणि आपला ‘धार’ तिथे ‘दार’. सूत्र धरणारा तो सूत्रधार, सुकाणू धरणारा तो कर्णधार, किल्ला धरणारा तो किल्लेदार. सूत्रधारातला ‘धार’ आणि किल्लेदारातला ‘दार’ हे सख्खे चुलतभाऊ आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणवर राज्य करणारा दारियस आपल्या शिलालेखांत स्वतःचं नाव ‘दारयवहुश’ असं कोरतो. जे चांगलं आहे ते धरून ठेवणारा, असा त्याचा अर्थ. ते नाव अक्षराला अक्षर लावून संस्कृतात आणलं, तर पूर्वार्धाला ‘धारयत्’ आणि उत्तरार्धाला ‘वसु’ येतो. म्हणजे हखामनी घराण्यातला हा सम्राट, आपले गंगाधर-मुरलीधर, नाटकातला सूत्रधार आणि प्रभाग क्रमांक तीनमधला मतदार ही सगळी एका धातूची प्रजा आहे. मला या शब्दाचं एवढं कौतुक का वाटतं, ते आता कळेल.

आणि म्हणून शुद्धीवाद्यांशी माझं भांडण आहे. ‘मतदार’ हा संस्कृत-फारसी संकर आहे, सबब तो अशुद्ध, सबब ‘मतदाता’ घ्या, असं ते सांगतात. संकर आहे हे कबूल. पण मराठीने हे ‘दार’ केव्हाच आपलंसं करून घेतलं आहे. धारदार, डौलदार, चवदार, पाणीदार यांत ‘दार’च्या आधीचं सगळं घरचंच आहे. हे शब्द टाकून द्यायची तयारी असेल तरच ‘मतदारा’ला हात लावावा. बाकी निवडणुकीची तर सगळी कचेरीच अरबी-फारसीवर उभी आहे. अर्ज, अनामत, मुदत, हरकत, जाहीरनामा, उमेदवार. ‘यादी’ त्याच ‘याद’मधून आली, ज्याचा अर्थ स्मरण. ‘हरकत’ तर अरबीत नुसती हालचाल होती. मराठीत येऊन ती आक्षेप झाली, आणि प्रारूप यादी लागली की ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा. उमेदवार उमेद बाळगतो, मतदार मत बाळगतो. ही जोडी इतकी नेमकी जमली आहे की ती फोडणाऱ्याला भाषेचा कान नाही, असंच मी म्हणेन.

माझा तर्क असा की हा शब्द पंडितांनी घडवलेला नसून महसुलाच्या कचेरीतल्या वळणाचा आहे. वही, वहीत नाव, नावासमोर त्याच्याकडे काय आहे त्याची नोंद: खातेदार, वतनदार, हक्कदार, भागीदार. निवडणुका आल्या तेव्हा आणखी एक वही तयार झाली आणि तिच्यातल्या नावांना त्याच साच्यातलं बिरुद मिळालं. सुरुवातीचा मताधिकार पाहिला तर हा साचा किती चपखल होता ते दिसतं. मुंबई महापालिकेसाठी 1872चा कायदा झाला, त्यात 64 सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. 1882मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, तरी मत होतं ते घरपट्टी भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. ज्याच्याकडे काही आहे, त्याच्याकडे मत. तो मतदार. इथे ‘करदाता’ हा शब्द मात्र योग्य आहे, कारण कर खरोखर द्यावाच लागतो आणि दिलेला कर आपला राहत नाही. स्वतंत्र भारतात मालमत्तेची अट गेली, प्रौढ मताधिकार आला, 1989पासून वयाची मर्यादा 21वरून 18वर आली. बाळगणारे बदलले, वाढले. बाळगणं तेच राहिलं.

योगायोग असा की मतदार नोंदणीच्या कामात सहायक नोंदणी अधिकारी म्हणून बहुतेक ठिकाणी तहसीलदारच असतो. ‘तहसील’ म्हणजे वसुली. वसुली सांभाळणारा ‘दार’ मत सांभाळणाऱ्या ‘दारा’ची नोंद करतो. तहसीलदाराला ‘तहसीलदाता’ म्हणून पाहा, म्हणजे ‘मतदाता’ मला कसा ऐकू येतो ते समजेल.

अर्थ उलटा होतो असं वर म्हटलं, ते कसं? मतमोजणीच्या बातम्यांत दोन आकडे असतात: एकूण मतदार आणि झालेलं मतदान. यादीत नाव लागलं त्या दिवसापासून तुम्ही मतदार आहात, केंद्रावर गेलात काय, न गेलात काय. ‘दाता’ मात्र दिल्यावरच दाता होतो. मग ‘चाळीस टक्के मतदात्यांनी मतदान केलं नाही’ या वाक्याचं काय करायचं? न देणारा दाता? ‘मतदार’मध्ये हा घोळ होत नाही. आज मत दिल्यावर पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा तुमच्याकडे असतंच.

नगरपरिषदेत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. दोन सदस्यांचा प्रभाग असेल तर मतदार दोन जागांसाठी दोन आणि थेट नगराध्यक्षपदासाठी एक, अशी तीन मतं देतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला दोन देतो. मतं तीन, मतदार एकच. अलीकडे गाजलेला ‘दुबार मतदार’ घ्या. राज्य निवडणूक आयोगाने यादीत अशा नावांपुढे दोन तारे छापले, कारण त्या माणसाचं नाव दोनदा नोंदलं गेलं होतं. त्याने दोनदा मत दिलं असा त्याचा अर्थ नव्हता. दोन ठिकाणी नाव बाळगणारा म्हणून तो दुबार मतदार. ‘दुबार मतदाता’ म्हटलं की थेट गुन्ह्याचा आरोप होतो! एका प्रत्ययाने माणूस आरोपी ठरतो, म्हणून मी इतका हट्ट धरून बसलो आहे.

या सगळ्याचं मूळ ‘मतदान’मध्ये आहे, हेही सांगून टाकतो. संस्कृतात ‘दान’ म्हणजे कोणतंही देणं. अनुदान, योगदान, आदानप्रदान यांत पुण्याचा लवलेश नाही. मराठी कानाला मात्र दान म्हटलं की अन्नदान, रक्तदान, देहदान आठवतं. मग ‘मतदान हेच श्रेष्ठ दान’ अशी घोषणा भिंतीवर येते, आणि दान आलं की दाता आलाच. दान करणाऱ्याने परत काही मागायचं नसतं. ते सत्पात्री पडलं की तो मोकळा. मत देणाऱ्याने मोकळं होऊन कसं चालेल? पाच वर्षं पाण्याचा, गटाराचा, दिव्याचा हिशेब मागण्यासाठीच ते दिलेलं असतं. ‘मतदान’ हा शब्द आता रुजला आहे, तो काढा असं मी म्हणत नाही. पण त्याला दानधर्माच्या रांगेत बसवू नका. आणि ‘मी मतदान टाकलं’ असंही म्हणू नका. टाकतात ते मत. मतपत्रिका पेटीत पडायची त्या काळातला तो प्रयोग आहे, यंत्र आल्यावरही तो टिकला याचा मला आनंदच आहे. मतदान करतात, मत देतात, मत टाकतात, मत नोंदवतात. चार क्रियापदं असताना पाचवं मोडकं कशाला?

फलक लावणाऱ्यांसाठी नोंदणीबद्दलही दोन शब्द, कारण तिथेही भाषेमुळे लोकांची फसगत होते. ‘नगरपरिषदेच्या यादीत नाव नोंदवा’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. अशी वेगळी नोंदणी महाराष्ट्रात नाही. नाव नोंदवायचं ते विधानसभेच्या मतदार यादीत, नमुना 6 भरून. पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर नमुना 8. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतो आणि तिची प्रभागवार विभागणी करतो. 2025च्या निवडणुकांसाठी ती तारीख 1 जुलै होती. त्यानंतर प्रभागाची प्रारूप यादी लागते, तेव्हा घ्यायच्या हरकती विभागणीतल्या चुकांपुरत्या असतात: नाव भलत्याच प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळलं. नवं नाव तेव्हा घालता येत नाही. मतदान केंद्रावर जाऊन ‘माझ्याकडे मतदान कार्ड आहे’ म्हणणाऱ्यांना परत पाठवतात ते यामुळेच. ते कार्ड ओळख पटवण्यापुरतं आहे, ‘मतदार ओळखपत्र’ हे त्याचं नाव त्यासाठीच आहे. मत बाळगलं जातं ते यादीत, खिशात नव्हे.

राहिला ‘सार्वत्रिक’. सर्वत्र + इक. सर्व ठिकाणी होणारं. वर्तमानपत्रांनी हा शब्द लोकसभेला बांधून टाकल्यामुळे तो देशव्यापी वाटतो. पण निवडणुकीच्या परिभाषेत त्याचा संबंध त्या त्या संस्थेशी असतो. संस्थेची मुदत संपते आणि तिच्या सर्व प्रभागांतल्या सर्व जागांसाठी एकदमच मतदान होतं, ती सार्वत्रिक निवडणूक. म्हणून नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीचीही सार्वत्रिक निवडणूक असते. ‘स्थानिक’ने संस्था कोणती ते कळतं, ‘सार्वत्रिक’ने जागा किती ते. मध्येच कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, कोणी अपात्र ठरलं आणि तेवढ्याच जागेसाठी मतदान झालं, तर ती पोटनिवडणूक. हा ‘पोट’ पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू यांतला. मोठ्याच्या आत सामावलेलं लहान, एवढं सगळं दोन अक्षरांत. तो शब्द अजून तरी कोणी ‘उपचुनाव’ केलेला नाही. तुमच्या गावच्या फलकावर तो दिसलाच, तर मला जरूर कळवा.