४ ओहमच्या अॅम्प्लिफायरवर ८ ओहमचे ४ स्पीकर पॅरलल चालतील का?

नाही, तालमीच्या (मंडळाच्या) गणपतीसाठी असे अजिबात जोडू नका. ८ ओहमचे ४ स्पीकर पॅरलल केले, म्हणजे सगळे आउटपुटच्या त्याच दोन टोकांना जोडले, की लोड (अॅम्प्लिफायरला दिसणारा एकूण विरोध) २ ओहमवर येतो आणि तुमच्या अॅम्प्लिफायरची किमान मर्यादा ४ ओहम आहे. आउटपुटला २० व्होल्ट असताना ८ ओहमचा एक स्पीकर २.५ अँपिअर ओढतो, चारही मिळून १० ओढतील. हा सगळा करंट आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो. अॅम्प्लिफायरमध्ये प्रोटेक्शन (जास्त करंटला आउटपुट तोडणारं सर्किट) असेल तर आवाज मध्येच बंद पडतो. नसेल तर ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन डीसी (एकाच दिशेचा करंट) थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो आणि तीही जळते. कोल्हापुरात माझं दुरुस्तीचं काम आहे, गणपतीत असे सेट टेबलावर येतातच. त्यापेक्षा दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये (एकामागे एक) घ्या आणि त्या दोन जोड्या पॅरलल करा, लोड ८ ओहम होईल. पॉवर कमी मिळेल, पण सेट मिरवणूकभर टिकेल. स्पीकर मात्र चारही एकसारखे हवेत. मल्टिमीटरवर ८ ऐवजी ६ च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, मीटर फक्त डीसी रेझिस्टन्स दाखवतो, ८ ओहम हा आकडा आवाजाच्या एसी सिग्नलसाठीचा असतो. भोंगे १०० व्होल्ट लाइनवर (प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेली जोडणी) असतील तर हा हिशोब लागू नाही. तिथे प्रत्येक भोंग्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या निवडलेल्या टॅपचे (वॅट ठरवणाऱ्या टोकाचे) वॅट बेरजेत धरायचे.