ऐरोलीत घरगुती दुरुस्तीचा छोटा धंदा सुरू करायचाय, हातात ४०,००० रुपये आहेत. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की आयटीआय वायरमन झालाय, कंपनीतलं काम सुटलंय, दुचाकी आहे, आणि पंखा, नळ, दाराची कडी, पडद्याचा रॉड अशी किरकोळ कामं घरोघरी जाऊन करायची आहेत. काय घ्यावं, दर काय लावावा, परवाना लागतो का, असे तीन प्रश्न आहेत. मी दरापासून सुरुवात करतो, कारण हात चांगला असलेली माणसंसुद्धा मार खातात ती तिथेच.

महिन्याला ४०,००० सुटायला हवेत आणि २५ दिवस काम धरलं, तर दिवसाला १,६०० झाले. पेट्रोल, ड्रिलचे बिट, मोबाइल, झीज मिळून रोजचे ३०० धरा. म्हणजे १,९००. एकट्या माणसाच्या दिवसात नीट चार फेऱ्या बसतात, पाचवी ओढूनताणून. १,९०० भागिले चार म्हणजे फेरीमागे ४७५ रुपये मजुरी पडायलाच हवी. आता शेजारचा माणूस पंखा १५० रुपयांत लावतो म्हणून तुम्हीही १५० म्हणालात तर गणित पहिल्याच दिवशी फसलं. पंखा लावायला वीस मिनिटं लागतात, पण जाणं, गेटवर नोंद, लिफ्ट, घरातल्यांनी पलंग सरकवणं धरून तास जातो. वर एखादा स्क्रू नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानात पळालात की अजून पाऊण तास गेला.

म्हणून किमान आकार ठेवा: घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासाचे ३००, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाचे १५०, सामान वेगळं. हे फोनवरच सांगायचं. आणि "अजून काही किरकोळ असेल तर यादी काढून ठेवा, एकाच फेरीत होईल" हे वाक्य प्रत्येक फोनवर म्हणायचंच. ४७५ ची सरासरी याच वाक्यातून निघते. फोटो मागवल्याशिवाय निघू नका: नळाचा, बोर्डाचा, बिजागरीचा जवळून एक आणि लांबून एक.

अवजारांवर २६-२७ हजारांपेक्षा जास्त घालू नका, उरलेले सामानाला आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाला लागतील. सगळ्यात आधी रोटरी हॅमर घ्या, एसडीएस प्लस चकचा (खाचेचा बिट खटकन बसतो तो), दोन-सव्वादोन किलोचा. साधं इम्पॅक्ट ड्रिल स्वस्त पडतं, पण घोडबंदर रोडचे किंवा खारघरचे नवे टॉवर बहुतेक मायवान पद्धतीचे, म्हणजे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. तिथे इम्पॅक्ट ड्रिलचा बिट लाल होतो आणि भोक बोटाच्या पेराएवढंही जात नाही. त्यासोबत १२ व्होल्टचं बॅटरीवरचं स्क्रू ड्रिल, सहा फुटी अॅल्युमिनियमची घोडा शिडी (नऊ-साडेनऊ फुटी छताला पुरते), मल्टीमीटर, टेस्टर, दोन पाइप पाने, एक स्लायडिंग पाना, करवत, पटाशी, लेव्हल, आणि तुटलेलं निपल (नळ आणि भिंतीतला पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा) काढायचा ईझी आउट. हत्यारं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि बिजलीचं सामान लोहार चाळीत बघा. ठाण्याला गाडी बदलून मस्जिदला उतरलात की दोन्ही चालत होतात. एका दिवसात आटपा.

खरा धंदा मात्र दुसऱ्या पिशवीत असतो, सुट्या सामानाच्या. साधारण ५,००० रुपयांत हे बसतं: पंख्याचे २.५ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर चार, रेग्युलेटर दोन, ६ अँपिअरचे स्विच-सॉकेट सहा-सहा, १६ चे दोन-दोन. अर्ध्या इंची अँगल कॉक तीन, कनेक्शन पाइप १८ आणि २४ इंची दोन-दोन, एक्स्टेंशन निपल अर्धा, एक आणि दीड इंची, नळाचे वॉशर आणि स्पिंडल, टेफ्लॉन टेपची दहा रिळं, बेसिनचा वेस्ट पाइप. कपाटाच्या ऑटो बिजागऱ्या, ६ आणि ८ मिमीच्या गिट्ट्या (भोकात स्क्रू धरून ठेवणारे प्लग), स्टीलचे स्क्रू. बिजागरीत शून्य, आठ आणि सोळा क्रँक असे तीन प्रकार येतात: दार चौकटीला पूर्ण झाकतं, अर्धं झाकतं की आत बसतं यावर ठरतं. तिन्हींच्या दोन-दोन जोड्या ठेवा, नाहीतर फेरी वाया. बाथरूम आणि बाल्कनीत लोखंडी स्क्रू लावू नका. खाडीची हवा आहे, दोन पावसाळ्यांत गंजून डोकं उडतं आणि मग तो निघतही नाही.

भिंत ओळखायला शिका. भोकातून भुकटी लाल आली तर वीट, बारीक करडी तर काँक्रीट, पांढरी भुसभुशीत तर सायपोरेक्सचा, म्हणजे हलका सच्छिद्र ब्लॉक. ब्लॉकमध्ये हॅमर, म्हणजे ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवायचं आणि लांब नायलॉनची गिट्टी वापरायची. साधी गिट्टी आज धरते आणि महिन्याने पडद्याच्या रॉडसकट खाली येते. २५ लिटरचा गीझर पाण्यासकट ३५ किलोच्या पुढे जातो, तो ब्लॉकच्या भिंतीवर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) किंवा आरपार बोल्टशिवाय टांगू नका. काँक्रीटमध्ये सळई लागली तर जोर लावत बसू नका, भोक इंचभर सरकवा. टाइलवर मास्किंग टेप लावून हॅमर बंद, टाइल पार झाली की मग चालू. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली कधीही ड्रिल नको, वायरचा पाइप तिथूनच उतरलेला असतो.

तुमच्या भागातला सगळ्यात मोठा धोका सिडकोच्या जुन्या घरांतले जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप. बाहेरून नळ बरा दिसतो, पाना लावून फिरवला की भिंतीतलं गंजलेलं निपल तुटतं आणि टाकीचं पाणी घरात. दुरुस्तीला आलेला माणूस मग टाइल फोडायला लागतो आणि खर्च कोणी द्यायचा यावरून वाद होतो. म्हणून जुना नळ खोलण्याआधी दोन गोष्टी: फ्लॅटचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधून स्वतः बंद करून बघा (बऱ्याच इमारतींत तो गच्चीवर असतो आणि किल्ली वॉचमनकडे), आणि ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर लिहून द्या की पाइप जुना आहे, आतला तुकडा तुटला तर भिंत उघडावी लागेल, ते काम वेगळं. नवा नळ बसवताना टेफ्लॉन आट्यांच्या दिशेने दहा-बारा फेरे. उलटा गुंडाळला तर घट्ट करताना सुटतो आणि थेंब थेंब गळत राहतो.

पावसाळ्यात दार फुगून घासतं, ते बघायला बोलावतात. जुलैत रंधा मारून मोकळं केलंत तर जानेवारीत दाराला फट पडते आणि तुम्हालाच फोन येतो. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, निम्म्या वेळा दार उतरलेलं असतं. लागलंच तर कागदाएवढंच तासा आणि उघडी पडलेली कड लगेच सीलरने बंद करा. खिडकीच्या कडेला सिलिकॉन मारायचं काम मे महिन्यातच धरा, ओल्या भिंतीवर ते चिकटत नाही.

परवान्याचं. स्विच, पंखा, दिवा, फ्यूज आहे त्या जागी बदलायला अडचण नाही. नवीन पॉइंट ओढणं, एसीसाठी वेगळी लाइन, मीटरजवळचं काही, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार परवानाधारक कंत्राटदाराचं काम आहे. तुमची आयटीआय झालीच आहे तर तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना काढा आणि मोठी कामं एखाद्या कंत्राटदारासोबत करा. पाइप गॅसला हात लावायचा नाही, शेगडी सरकवायची असली तरी गॅस कंपनीलाच बोलवायला सांगा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी, कुलूपवाला धरून १८ व्यवसाय आहेत, पण वायरमन आणि प्लंबर त्यात नाहीत, तेव्हा तिथे रांग लावू नका. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मात्र काढून ठेवा, तो फोनमध्ये असला की सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलणं सोपं जातं.

काम कुठून येईल? ऐरोलीत आयटी पार्कमुळे भाडेकरू सतत बदलतात आणि करार बहुधा ११ महिन्यांचे. जुना भाडेकरू गेला की मालकाला चार दिवसांत घर तयार हवं असतं: कुलूप बदल, दोन नळ, गीझरचं जळलेलं सॉकेट, कपाटाचं लोंबतं दार, भिंतीतली भोकं बुजवणं. रिकामं घर, पलंग सरकवायचा नाही, एका फेरीत दीड-दोन हजारांची मजुरी. सेक्टरमधल्या तीन-चार इस्टेट एजंटना भेटा, "रिकाम्या फ्लॅटची तपासणी आणि यादी फुकट, काम झालं तर पैसे" असं सांगा. अॅपवाल्या कंपन्यांकडे सुरुवातीला जायला हरकत नाही, पण कमिशन कापून हाती काय राहतं ते वरच्या ४७५ शी ताडून बघा. पहिले सहा महिने ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या बाहेर जाऊ नका. ठाण्यातला ओळखीचा कितीही आग्रह करू दे, कळवा नाक्यावर अडकलात की दोन फेऱ्या गेल्या.

वरच्या मजल्यावरून गळती होतेय, बघून द्या, असं कोणी म्हटलं तर सध्या नाही म्हणा. त्यात प्लंबिंग कमी आणि दोन शेजाऱ्यांचं भांडण जास्त असतं. ग्राहकाने स्वतः आणलेल्या सामानाची हमी देऊ नका, तुमच्या मजुरीची ३० दिवसांची द्या. आणि निघण्याआधी नळ पाच मिनिटं चालू ठेवून खाली कोरडा टिश्यू कागद ठेवा. ओलावा तिथे लगेच दिसतो, बोटाला कळत नाही.