कार्बनचे अणू एकमेकांना जोडून इतके रेणू कसे बनवतात?
कार्बनच्या बाहेरच्या कवचात 4 इलेक्ट्रॉन असतात, हवे असतात 8. चार देणंही जड, चार घेणंही जड. म्हणून तो शेजारच्या अणूशी इलेक्ट्रॉनची भागीदारी करतो. हाच सहसंयुज बंध. असे चार हात असल्यामुळे कार्बनला कार्बन जोडत साखळ्या, फांद्या, वलयं तयार होतात.

पण खरी गंमत दुहेरी बंधात आहे. एकेरी बंधात दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी वाटून घेतात, दुहेरी बंधात दोन जोड्या. आपल्याकडच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं, शेंगदाणा तेल थिजत नाही. खोबरेलात मुख्यतः 12 कार्बनच्या लॉरिक आम्लाच्या साखळ्या असतात; सगळे कार्बन एकेरी बंधांनी जोडलेले, त्यामुळे त्या सरळ आणि एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाणा तेलातल्या ओलेइक आम्लाची साखळी त्याहून लांब, 18 कार्बनची. पण नवव्या-दहाव्या कार्बनमधल्या दुहेरी बंधापाशी ती वाकते आणि शेजारणीला नीट खेटून बसूच शकत नाही.