कुइदादो, केअर आणि काळीज

इंदूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय की स्पॅनिशच्या वर्गात 'कुइदादो' (सावध करायला ओरडतात तो शब्द) आणि इंग्रजी 'केअरफुल' या दोन्हींपुढे 'काळजीपूर्वक' असा एकच अर्थ लिहून दिला, तो चालेल का?

नाही चालणार. हा 'काळजीपूर्वक' हल्ली भलतीकडेच ऐकू येतो. परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जिलबीच्या कढईशी एक पोरगं वाकलं, तर आई म्हणते, "बाळा, काळजीपूर्वक!" सहा अक्षरं! शेजारच्या आजींनी "अरे, जपून!" म्हणत त्याला दंडाला धरून मागे ओढलं. ओरडायला आपल्याकडे जपून, सांभाळून, हळू, बघून असे शब्द आहेत. 'सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात' इथे तो शब्द शोभतो, कढईपाशी नाही. ('सावधान'चा समर्थांचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडतो.)

खरी गंमत 'कुइदादो'त आहे. त्याचं मूळ लॅटिन 'कोगितारे', म्हणजे विचार करणे. तत्त्वज्ञ देकार्तच्या 'कोगितो, एर्गो सुम' ('मी विचार करतो, म्हणून मी आहे') मधलं 'कोगितो' ते हेच. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचं क्रियापद 'कुइदार' म्हणजे विचार करणे, वाटणे. पुढे विचाराची चिंता झाली आणि चिंतेतून जपणूक आली. आता आपल्याकडे बघा: चिंतन आणि चिंता, दोन्ही एकाच 'चिन्त्' धातूची! दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच वाटेने गेल्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत 'माइंड द गॅप' म्हणतात, तिथेही मनच आहे.

'केअर'चं घराणं मात्र वेगळं. आमच्याकडचे काही जाणकार 'केअर' आणि 'क्युअर' दोन्ही लॅटिन 'कुरा'चीच (म्हणजे काळजी, देखभाल) लेकरं म्हणून ठोकून देतात. साफ चूक. 'क्युअर' तिकडचा खरा, पण 'केअर' अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ घराण्यातला आहे आणि त्याचा मूळ अर्थ दुःख, शोक. जर्मनमध्ये गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात, म्हणजे शोकाचा शुक्रवार. त्यातला 'कार' याच घराण्यातला. जुन्या इंग्रजीत 'केअरफुल' माणूस म्हणजे दुःखाने भरलेला माणूस. ध्वनी जुळला की नातं जोडायचं, ही सवय जाणकारांनी तरी सोडावी.

आणि आपली काळजी? ती काळजातून आली. माझं ठाम मत आहे की म्हणूनच ती घाईच्या इशाऱ्याला उपयोगाची नाही. काळीज आतून जळत राहतं, इशारा डोळ्यांनी द्यायचा असतो. स्पॅनिश माणूस नुसतं 'ओखो!' म्हणतो, म्हणजे 'डोळा!', आणि बोटाने डोळ्याखालची कातडी खाली ओढून दाखवतो. आपण 'बघून!' म्हणतो, आणि राखण करायची तर डोळ्यांत तेल घालून करतो.

निरोप घेतानाचं 'काळजी घे' हेही 'टेक केअर'चं भाषांतर. इंदुरी 'ध्यान ठेव' हिंदीतून आलं असलं तरी ते निदान घराघरांत रुळलंय. मी तर दारात उभं राहून 'जपून जा, पोचलीस की फोन कर' एवढंच म्हणतो.

तेव्हा वहीत नुसत्या 'कुइदादो!'पुढे 'जपून!' लिहा. 'कोन कुइदादो' (शब्दशः 'काळजीसह') आलं, तर तिथे 'काळजीपूर्वक' खुशाल राहू द्या.